पलीकडचं आधी ऐकू येतं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, चिमणाताल या तळ्याच्या काठी राहणाऱ्या प्रत्येक घराला आपापलं भूत आहे, जसं प्रत्येक घराला आपापलं विजेचं मीटर आहे. कोपऱ्यावरच्या बिल्डिंगकडे पागेतला शिलेदार आहे. तो अवसेला घोड्याला पाणी दाखवायला उतरतो आणि दगडी पायऱ्यांवर नाल वाजतात. बायकांच्या घाटालगतच्या घरांकडे जखीण आहे, ती फणी मागते. तालाच्या मधोमध जो पडका जलमहाल आहे, त्याचं भूत मात्र सगळ्यांचं सामायिक. जुन्या राजवटीत तिथे गाणं व्हायचं, एकदा परतताना नाव उलटली, गाणाऱ्या बाया तळाशी गेल्या आणि त्यांचा तंबोरा अजून लागलेलाच आहे म्हणतात. हिवाळ्यात दिल्लीकडची मंडळी तिकीट काढून ही भुतं बघायला येतात. भुतं दिसत नाहीत, पण नाक्यावर कचोरी चांगली मिळते, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही.

या सगळ्या भुतांचा नियम एकच. तालावरून हाक आली तर ओ द्यायची नाही.

सीमंतिनी हे लहानपणापासून ऐकत आली होती आणि लहानपणापासूनच तिला त्यात काही राम वाटला नव्हता. पुढे तर ऐकणं हाच तिचा व्यवसाय झाला. महाराज बाड्याच्या चौकामागच्या गल्लीत तिचं क्लिनिक होतं. लोकांचे कान तपासायचे, मशिनं बसवायची, मुलांना शब्द ओळखायला शिकवायचे. चाळिशी उलटली होती, लग्न केलं नव्हतं आणि त्यावर बोलायचा हक्क तिने कुणाला दिला नव्हता. गच्चीवर पाहुणे जमले आणि भुतांचा विषय निघाला की ती दोन वाक्यांत तो मिटवून टाकी. "पाण्यावरची हवा थंड, तिच्यावरची गरम. वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो, म्हणून पलीकडे बांगडी वाजली तरी इकडे ऐकू येते. झाली तुमची जखीण."

घरात ती आणि तिचे वडील सदाशिवराव, दोघंच. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, तालाकडे बाल्कनी. सदाशिवराव सिंचन खात्यातून निवृत्त होऊन दोन दशकं झाली होती. डोळ्यांनी त्यांना दगा दिला होता. एकाला काचबिंदू, दुसऱ्याला मोतीबिंदू. पलीकडचा काठ त्यांना हिरवट धुरासारखा दिसे. कान मात्र तल्लख. रोज उतरत्या उन्हात काठी टेकत ते तालाला अर्धी फेरी घालत, पलीकडच्या धोबीघाटावर घटकाभर बसत आणि परत येऊन खालच्या पायरीवरूनच वर आवाज देत, "अगं, चहा टाकतेस का? घसा सुकला."

वैशाखात एका सकाळी मल्हारराव क्लिनिकमध्ये आले. ते तिचे शेजारी, दोन बिल्डिंगी सोडून राहणारे. पूर्वी त्यांचा बाड्यावर फोटो स्टुडिओ होता. माणूस नीटनेटका, तोलून बोलणारा. सीमंतिनीने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, सगळ्या पट्ट्यांतले आवाज ऐकवले.

"काका, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," ती शेवटी म्हणाली.

मल्हारराव खूश झाले नाहीत. टोपी हातात फिरवत बसले. "मग मला पलीकडचं आधी का ऐकू येतं?"

"आधी म्हणजे?"

"म्हणजे होण्याच्या आधी. धोबी कपडा आपटतो ना, त्याचा आवाज मला आधी येतो. मग तो आपटतो."

सीमंतिनी हसली नाही, हसायची तिची पद्धत नव्हती. तिने कागदावर ताल काढून दाखवला. आवाजाला पाणी ओलांडायला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त लागतं. धोबी एका लयीत आपटत असतो. आपल्याला ऐकू येतो तो मागच्या फटक्याचा आवाज आणि डोळ्यांना वाटतं, तो पुढच्या फटक्याचाच आहे. मल्हाररावांनी मान डोलावली.

"बरोबर असेल तुमचं," ते उठत म्हणाले. "एकदा बसून बघा मात्र. भर दुपारी. तेव्हा दुसरे आवाज नसतात."

मे महिन्यातल्या ग्वाल्हेरच्या दुपारी शहाणा माणूस बाहेर बसत नाही. उन्हाच्या झळांची लू सुटलेली असते, रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं, घराघरांत कूलरच्या खसचा, वाळ्याचा ओला वास कोंडलेला असतो. पण पुढच्या रविवारी सदाशिवराव जेवून पडल्यावर सीमंतिनी ओढणी डोक्यावरून घेऊन बाल्कनीत बसली. पलीकडे एकच धोबी होता. त्याने कपडा डोक्यावर उचलला.

धप्प.

मग कपडा दगडावर आपटला.

मागच्या फटक्याचा आवाज, तिने स्वतःला सांगितलं आणि तो थांबायची वाट बघत राहिली. थांबला की खरं काय ते कळणार होतं. शेवटच्या फटक्याचा आवाज त्याने हात खाली ठेवल्यावर यायला हवा. थोड्या वेळाने आवाज बंद झाले. धोब्याने मात्र आणखी एकदा कपडा उचलून आपटला. त्या फटक्याला आवाजच नव्हता. मग तो सावलीत गेला, बिडी ओढत बसला. सीमंतिनी हलली नाही. धोबी बिडी विझवत होता, नवा कपडा अजून पाटीतच होता, आणि पाण्यावरून स्पष्ट, कोरडा आवाज आला.

धप्प.

घामाने तिची पाठ ओली झाली होती. ती आत गेली, माठातलं पाणी प्यायली. घाबरायच्या आधी मोजून बघावं, असा तिचा स्वभाव होता. तिने भावाला फोन लावला.

अंबरीश तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. बँकेत होता, बायको हर्षिताबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला थाटीपुरात राहायचा. ताईने बोलावलं की कुरकुरत का होईना, येई. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच सीमंतिनीने त्याला पलीकडच्या घाटावर उभं केलं आणि स्वतः इकडच्या पायऱ्यांवर उभी राहिली. दोघांच्या हातात फोन.

"मी सांगितलं की एकच टाळी वाजव," ती म्हणाली.

तिने सांगण्याआधीच पाण्यावरून टाळी ऐकू आली.

"अरे, थांब म्हटलं ना!"

"अभी बजाई कहाँ मैंने?" फोनवर अंबरीश म्हणाला. त्याचा एक हात खिशात होता, तिला तो दिसत होता.

सीमंतिनीने त्या खिशाकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "आता वाजवूच नकोस. मी काही म्हटलं तरी वाजवायची नाही."

"ताई, तुझं काय चाललंय? नाही वाजवत, बघ." त्याने फोन स्पीकरवर टाकून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि दुसरा हातही खिशात घातला. घाटावर इकडे तिकडे बघत उभा राहिला. मग फोनवरच म्हणाला, "तू शिंकलीस का आत्ता?"

"नाही."

"मला ऐकू आलं. फोनवर नाही, पाण्यावरून."

तेवढ्यात एक भटकं कुत्रं त्याच्या डब्याच्या पिशवीला तोंड घालायला आलं. अंबरीशने खिशातून हात काढले आणि त्याला हाकलायला सटकन टाळी वाजवली. कुत्रं पळालं. टाळीचा आवाज फोनमधून आला. पाण्यावरून काहीच आलं नाही, ते येऊन गेलं होतं. सीमंतिनीच्या मागे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली, ठसका उठला आणि तिला शिंक आली.

अंबरीशने डब्याची पिशवी उचलून काखेत मारली. मग फोनवर म्हणाला, "ताई, आपण हे कुणाला सांगायचं नाही."

"नाहीच," ती म्हणाली. पण तिच्या मनाने एक गोष्ट पक्की टिपून ठेवली. जे ऐकू आलं ते टळलं नाही. ते झालं. फक्त आपण समजलो होतो तसं झालं नाही.

ज्येष्ठ लागला आणि तालाचं पाणी खाली जाऊ लागलं तसं आवाज आणि घटना यांतलं अंतर वाढू लागलं. आधी चहा गाळून होईपर्यंतचं होतं, मग एका जेवणाचं झालं. पुढे सकाळीच संध्याकाळची आरती ऐकू येऊ लागली. सोमवारी पलीकडे हनुमानाच्या देवळात मंगळवारची गर्दी गलबलायची आणि डोळ्यांना दिसायचा रिकामा पार. काठावरचे लोक सवयीने म्हणत, आवाज घुमतो इथे. बहुतेकांना फरक कळायचाच नाही, कारण पलीकडे रोज तेच तेच होत असतं. आजची घंटा काय आणि उद्याची काय. सदाशिवराव एकदा म्हणाले, "हल्ली तालावर सूर लागत नाही बघ कशाचा," आणि पुन्हा रेडिओकडे वळले.

मल्हाररावांनी घराला कुलूप लावलं. मुलीकडे इंदूरला चाललो, म्हणाले. सीमंतिनी त्यांना ऑटोपर्यंत सोडायला गेली. तिने विचारलं, "काका, काही ऐकलंत का तुम्ही?"

"ऐकलं." ते सामान मोजत होते. "माझं मला पुरेल एवढं ऐकलं. तुम्ही बाल्कनीचं दार लावून घेत जा."

तिने लावून घेतलं नाही. दुपारी क्लिनिक बंद असे तेव्हा ती बाल्कनीत बसे. भीतीपेक्षा कुतूहल मोठं होतं. खरं सांगायचं तर तिला थोडा अभिमानही वाटत होता. एवढ्या पिढ्यांनी याची भुतं केली होती आणि ती एकटी ते नीट ऐकत होती.

अशाच एका दुपारी पलीकडचा घाट अगदी रिकामा होता. धोबी नव्हते, कुत्रीसुद्धा देवळाच्या सावलीत मेल्यासारखी पडली होती. आणि गर्दीचा आवाज आला. पुष्कळ माणसं, पण बाजारासारखी नव्हे. दबकी. कुणीतरी पाण्यात पडल्याचा किंवा पाण्यातून वर आल्याचा आवाज. एक बाई "हाय राम" म्हणाली. मग एक आवाज आला, घोगरा, धाप लागलेला.

"बाबा इथे नाहीत. चला, घरी जाऊ."

माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ओळखू येत नाही. सीमंतिनीला येत होता. क्लिनिकमध्ये ऐकवायची शब्दांची रेकॉर्डिंग तिने स्वतःच्याच आवाजात केली होती, दिवसातून कितीदा तरी ती तिच्या कानांवर पडत. घर. पाणी. दोर. पान. तोच आवाज होता.

ती ताडकन उठली. आत सदाशिवराव उताणे झोपले होते, छाती संथ वरखाली होत होती. ती पलंगाशी उभी राहून ती छाती बघत राहिली. मग तिने त्यांची बॅग भरली.

"थाटीपूर?" सदाशिवराव उठून बसले. "कशाला? मला तिथे करमत नाही. जिकडेतिकडे सरकारी क्वार्टर, ना पाणी ना झाड."

"थोडे दिवस. माझं काम आहे."

"तू खोटं बोलतेस तेव्हा भराभर बोलतेस," ते म्हणाले. पण गेले. लेकीशी वाद घालून ते कधी जिंकले नव्हते.

अंबरीशला तिने सगळं सांगितलं. तो ऐकून पांढरा पडला, पण म्हणाला, "यहाँ से नहीं जाने दूँगा. तू निश्चिंत राहा." स्वतः सीमंतिनीने ठरवलं की पलीकडच्या घाटावर पाऊल ठेवायचं नाही. ती तिथे गेलीच नाही, तर तिथून ते वाक्य येणार कुठून?

तिसऱ्या दिवशी दुपारी हर्षिताचा फोन आला. ती रडत होती. सदाशिवराव जेवून पडले होते, तिचा डोळा लागला होता. उठून बघते तो दार नुसतं ओढलेलं. नाक्यावरच्या पानवाल्याने सांगितलं, बाबूजींनी लष्करला जायला ऑटो केली.

सीमंतिनी क्लिनिक तसंच टाकून धावली. घरी कुलूप होतं. इकडच्या पायऱ्यांवर कुणी नव्हतं. तिने तालाच्या कडेने पळत हाका मारल्या, "बाबा! बाबा!" वाटेत लोकांना विचारत, पुन्हा हाका मारत, घसा फुटेपर्यंत. पलीकडचा घाट आला तेव्हा आपण इथे यायचं नाही असं ठरवलं होतं, हे तिला आठवलंसुद्धा नाही.

तिथे माणसं जमली होती. खालच्या पायरीवर सदाशिवरावांच्या चपला होत्या, एकीला एक लावून, ते नेहमी काढत तशा. काठी चिखलात उभी रुतलेली. अंबरीश आधीच पोचला होता आणि गुडघाभर पाण्यात उभा होता. पोलिसांनी आणलेला गोताखोर बुडी मारून वर आला, पाणी खळबळलं, त्याने मान हलवली.

"हाय राम," एक बाई म्हणाली.

सीमंतिनीने ते ऐकलं आणि तिला सगळं कळलं. पुढचं वाक्य आपलं आहे. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. म्हटलंच नाही तर? बोटांमागे तिचा श्वास फुरफुरत होता. अंबरीश तिच्याकडे बघत होता. त्यालाही ते वाक्य माहीत होतं.

"ताई," तो म्हणाला, "नको बोलूस."

ती बोलली नाही.

तालावरची हवा हलली. समोर, पाण्यापलीकडे, त्यांच्या बिल्डिंगखालच्या पायऱ्या लख्ख उन्हात पसरल्या होत्या. त्यांवर कुणी नव्हतं. कुणाची तरी एक पिवळी साडी वाळत होती, तेवढंच.

तिकडून खोकला आला. दोनदा. दुसरा पहिल्यापेक्षा बारीक.

मग, "अगं, चहा टाकतेस का? घसा सुकला."

"टाकते, बाबा," सीमंतिनी म्हणाली.

तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं की आपण ओ दिली. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. मघाची बाई दोन पावलं मागे सरली.

सीमंतिनीच्या अंगात एकदम बळ आलं. ज्याला पुढे कधीतरी त्या पायरीवर बसून चहा मागायचा आहे, तो या पाण्याच्या तळाशी नाही. टाळी वाजली होती, पण कुत्र्यासाठी. तिने अंबरीशचा दंड धरला. धाप लागली होती, घसा घोगरा झाला होता.

"बाबा इथे नाहीत," ती म्हणाली. "चला, घरी जाऊ."

त्या दिवशी बाबा आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. गोताखोरांनी ताल पिंजून काढला, जलमहालाच्या पायऱ्यांखाली गळ फिरवले, हाती चिखल लागला. नातेवाईक जमायला लागले. हळू आवाजात कुणी सुतकाचं विचारलं, कुणी गुरुजींना फोन लावू का म्हणालं. सीमंतिनीने सगळ्यांना खुर्च्या दिल्या, पोहे दिले आणि सांगितलं, "बाबा येणार आहेत. बसायचं तर बसा, रडायचं नाही." रोज उतरत्या उन्हात ती थर्मास घेऊन खालच्या पायरीवर जाऊन बसे. अंधार पडला की चहा पाण्यात ओतून वर येई.

तिसऱ्या संध्याकाळी अंबरीश तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "ताई, लोक म्हणतायत तू पागल झालीस. मीही तेच म्हणू का? ऐकलंस खरं, पण ते होणार किती दिवसांनी... महिन्याने असेल, वर्षाने असेल. ते बाबाच असतील कशावरून?"

"खोकला दोनदा आला. दुसरा बारीक," ती म्हणाली. "कान माझे आहेत, अंबरीश. तू वर जा, झोप जरा."

चौथ्या संध्याकाळी ती थर्मास घेऊन खाली उतरली तेव्हा पायरीवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

पाठ तिच्या ओळखीची होती.

तो खोकला. दोनदा.

"अगं," सदाशिवराव मागे न बघता वैतागून म्हणाले, "चहा टाकतेस का? घसा सुकला."

तिच्या हातातला थर्मास पडला नाही. तिने झाकण उघडलं, त्यात चहा ओतला, त्यांच्या हातात दिला. मग त्यांच्या शेजारी बसली.

"कुठे होता बाबा?"

"कुठे म्हणजे? इथेच." त्यांनी घोट घेतला. "त्या थाटीपुरात जीव घुसमटला, म्हणून आलो. पलीकडे जरा टेकलो, वळून बघतो तर इथे. एवढ्यात तुम्ही सगळे पलीकडे जमलात. अंबरीशला तर मी ओळखलं, गुडघाभर पाण्यात. हाका मारतोय, मारतोय, कुणी लक्ष देईना. तू तेवढी ओ दिलीस."

"तुम्हाला पलीकडचं दिसलं?"

ते थबकले. याचा त्यांनी विचार केला नव्हता. "दिसलं खरं," ते म्हणाले. "छान स्वच्छ दिसलं."

अंगावर तोच सदरा होता, थाटीपूरहून निघताना घातलेला, इस्त्रीची घडीही न मोडलेला. हनुवटी गुळगुळीत होती, त्या सकाळी दाढी केल्यासारखी. त्यांच्या लेखी अजून तीच दुपार चालू होती. सीमंतिनीने त्यांचा हात हातात घेतला. कपडे कोरडे होते, पाय अनवाणी आणि कोरडे होते. पण बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली होती, खूप वेळ पाण्यात राहिलेल्या माणसाची असतात तशी.

वर घरात आनंदाचा गलका झाला, रडारड झाली, पेढे आले. अंबरीशने लोकांना सांगितलं, गावातच, हजिऱ्याला जुन्या मित्राकडे जाऊन बसले होते, विसरभोळेपणा दुसरं काय. लोकांनी मान डोलावली. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही. बोटांच्या सुरकुत्या मात्र गेल्या नाहीत.

अंबरीश म्हणाला, फ्लॅट विकून टाकू. सीमंतिनी नाही म्हणाली. ज्या पाण्याने बाबा परत दिले, त्याला पाठ दाखवून पळायचं तिला पटत नव्हतं, आणि बाबाही दुसरीकडे जगले नसते. आयुष्य रुळावर आलं. पाऊस आला, ताल भरला, क्लिनिकची गर्दी वाढली. पाणी चढलं तरी अंतर वाढतच होतं. गणपतीत पलीकडून दिवाळीचे फटाके ऐकू आले, दिवाळीत होळीचे ढोल. कशाचा आवाज कशाला जुळवायचा हे तिने सोडून दिलं. घड्याळाची टिकटिक माणूस ऐकतो आणि ऐकत नाही, तसं झालं. सदाशिवराव आता लांब फिरायला जात नसत. बाल्कनीत शाल पांघरून बसत, सुरकुतलेल्या बोटांनी माळ ओढत आणि तालाकडे कान देऊन असत.

संक्रांतीला स्वच्छ ऊन पडलं. आठवडाभराचं धुकं फाटलं होतं. सीमंतिनी तिळगुळाची वाटी घेऊन बाल्कनीत आली. पलीकडचा घाट माणसांनी फुलला होता. बायका आंघोळी करून ओल्या केसांनी पायऱ्या चढत होत्या, पोरं पतंगांमागे धावत होती, खिचडीच्या दानासाठी रांग लागली होती, देवळाची घंटा हलताना दिसत होती.

पाण्यावरून मोरांचे आवाज येत होते. एक नाही, पुष्कळ, घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकमेकांना साद घालणारे. मधूनच उंच गवतातून वारा जावा तशी सळसळ. बाकी काही नव्हतं. घंटा नव्हती. ती वाटी हातात धरून ऐकत राहिली. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. माणसाचा म्हणून एकही आवाज आला नाही.

सदाशिवरावांनी कान टवकारले.

"आज पलीकडे कुणी नाही वाटतं?"

समोर हजारभर माणसं होती. एका पोराने पतंग कापला आणि दोन्ही हात वर करून नाचला, तोंड उघडं.

"नाही, बाबा," सीमंतिनी म्हणाली आणि त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "कुणी नाही."